कोपरावरचे फोड

निपाणीच्या स्टँडवरनं साडेसातची बेळगाव गाडी धरायची म्हणून सत्याप्पा पावणेसातलाच फलाटावर येऊन उभा राहायचा. बत्तीस वर्षं त्यानं नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलं होतं. कुठल्या गल्लीची चावी किती वाजता आणि किती आटे फिरवायची हे त्याच्या हातांना पाठ होतं. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, तरी वेळेआधी पोचायची खोड काही सुटली नव्हती. अंगात पांढरा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मनगटाची बटणं लावलेली. भर एप्रिलात बाकीची माणसं रुमालानं मान पुसत उभी असताना हा एकटाच कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखा दिसे. सदऱ्याच्या आत मात्र त्याची दोन्ही कोपरं पेटलेली असत.

कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट माफ झाल्यापासून ही गाडी बायकांनी भरून जायची. कंडक्टर "मुंदं होग्री, मुंदं" करत सगळ्यांना पुढं सरकवून वाट काढायचा. सत्याप्पा मागची खिडकी धरी आणि संकेश्वर यायच्या आत, शेजारच्या माणसाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, कोपर सीटच्या कडेवर घासून घेई. खाजवलेलं लोकांना दिसतं. घासलेलं अंग मोकळं केल्यासारखं वाटतं. काकती मागं पडली की तो केसांवरून हात फिरवी, सदरा खाली ओढून सारखा करी आणि मग बेळगाव येईपर्यंत काहीच करत नसे. तेवढा अर्धा तास त्याला फार आवडायचा.

खानापूर रोडला एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, तो दवाखाना होता. पाटीवर कानडीत मोठं आणि मराठीत बारीक नाव होतं: डॉ. अक्षरा, त्वचारोगतज्ज्ञ. ही सत्याप्पाची मुलगी, एकुलती एक.

पहिल्या खेपेला तो गेला तेव्हा काउंटरवरच्या सौम्यानं त्याला ओळखलं नाही. ती नवीन होती.

"नाव?"

"सत्याप्पा."

"वय?"

"अडुसष्ट."

"काय होतंय?"

"खाज."

"पहिल्यांदाच आलासा काय?"

सत्याप्पा घोटाळला. दवाखाना सुरू झाला त्या दिवशी तो इथं आला होता, पेढाही खाल्ला होता. पण ते येणं निराळं. "व्हय, पहिल्यांदाच," तो म्हणाला. तिनं चौतीस नंबरची चिठ्ठी हातात दिली. तीन तास तो भिंतीवरची कोडाची आणि गजकर्णाची चित्रं बघत बसला.

आत गेला तेव्हा अक्षरा मान खाली घालून आधीच्या पेशंटचं लिहीत होती. "बसा," ती म्हणाली. मग वर बघितलं.

"आप्पा? लायनीत बसलासा तुम्ही?"

"लोकं बसल्यात की. मी काय वरनं पडलोय?"

"अवो, पण एक फोन तर करायचा."

"तुझं काम चाललेलं असतंय."

"आणि ही सौम्या काय म्हणाली?"

"चौतीस म्हणाली."

अक्षरा हसली. मग त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि तिचं हसू मावळलं. कोपरावर बारीक बारीक फोडांचे झुपके होते, काही फुटलेले, काही खाजवून रक्त आलेले. दुसऱ्या कोपरावरही तसेच, जणू आरशात बघून उठवलेले. गुडघ्यांवर होते, पाठीच्या खालच्या अंगाला होते. तिनं त्याचं कोपर दोन्ही हातांत धरून दिव्याखाली वळवलं. शाळेत जाताना गटारीवरची फळी ओलांडायला ती त्याचा हात धरायची. त्यानंतर असा हात धरलेला त्याला आठवेना. तिनं सोडला तरी त्यानं तो बराच वेळ तसाच पुढं धरून ठेवला.

"निपाणीत कुणाला दाखवलं?"

"तीन मलमं झाली."

"पोट कसं हाय? साफ होतंय?"

"व्हय."

"जेवणात काय असतंय?"

"भाकरी-आमटी," सत्याप्पा म्हणाला.

हे उत्तर त्यानं विचार करून दिलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि ते आज आलं नव्हतं, साठ वर्षांपूर्वीच येऊन बसलं होतं.

सत्याप्पाची आई सुलाबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. पावसाळ्यात वखार बंद. तसल्या दिवसांत घरात काही नसलं तरी ती संध्याकाळी चूल पेटवून वर नुसतं पाणी ठेवायची आणि ओलं लाकूड घालायची, म्हणजे कौलांतून धूर निघावा आणि गल्लीला दिसावा. पोरांना तिनं एकच शिकवण दिली होती. पोटाचं कुणाला सांगायचं न्हाय. कुणी इचारलं तर भाकरी-आमटी म्हणायचं, आणि म्हणताना खाली बघायचं न्हाय. शाळेत मास्तरांनी विचारलं, सत्याप्पानं सांगितलं, भाकरी-आमटी. एकदा प्रार्थनेत चक्कर येऊन पडला, उठवल्यावर पुन्हा तेच सांगितलं. पुढं नोकरी लागली, घरात ज्वारीचं पोतं आलं, धूर करायची वेळ परत कधी आली नाही. पण उत्तर तसंच राहिलं. अक्षराला ही गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती. मुलीला भरल्या पोटी वाढवायचं आणि उपाशी पोटाची गोष्ट सांगायची, हे त्याला उष्टं वाढल्यासारखं वाटायचं.

खरं काय होतं ते असं. त्याची बायको जयाबाई अडीच वर्षांमागं गेली. ती असेपर्यंत सकाळी आंबील, दोन वेळा ज्वारीची भाकरी. चपाती व्हायची ती चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आणि कुणी पाहुणा आला तर. ती गेल्यावर सत्याप्पानं एकदोनदा परात पुढ्यात घेतली. भाकरी थापताना कडेला फाटे, उचलताना मधे, तव्यावर पडताना उरलीसुरली. भात तेवढा त्याला यायचा, पण एकट्यासाठी भात लावायचा आणि एकट्यानं बसून खायचा, हे त्याच्यानं दोन दिवसांपलीकडं झालं नाही. मग त्यानं डबा भरून टोस्ट आणले. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-खारी, संध्याकाळी स्टँडजवळच्या मेसमधनं दोन चपात्या. टोस्टला ताट लागत नाही आणि समोर कुणी बसावं असंही वाटत नाही. पोटात दिवसभर नळाला हवा आल्यासारखं गुरगुरायचं. दिवसातनं चारचार वेळा जावं लागे. पट्ट्याला त्यानं घरीच खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती.

गल्लीत तीन दारं सोडून नागुबाई भाकऱ्या करून विकायची. तिच्याकडं जायचं म्हणजे आपल्या घरात भाकरी होत नाही हे गल्लीला सांगायचं. सत्याप्पा तिच्या दारावरनं रोज जायचा. "जेवण झालं काय वो, सत्याप्पा?" ती विचारायची. "झालं की, भाकरी-आमटी." नागुबाईचा विश्वास बसलेला. "जयाआक्का गेली तरी गडी कसं नेटकं करून खातोय बघा. न्हाईतर आमचं ध्यान," असं म्हणून ती नवऱ्याकडं बघायची.

अक्षरानं त्या दिवशी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर शेवटी लिहिलं, पंधरा दिवसांनी दाखवा. इतर पेशंटांना लिहायची तेच. सत्याप्पानं बसमध्ये ती चिठ्ठी दोनदा काढून बघितली.

ती निपाणीला येत नव्हती असं नाही. यायची, पण गाडीची किल्ली हातातच ठेवून बसायची. फोन वाजायचा, ती "हो, हो, सुरू ठेवा" म्हणायची, आईच्या फोटोपुढं उभी राहायची, आणि चहा निवायच्या आत "येते आप्पा" म्हणायची. मागचं येणं झालं त्याला पाच महिने होऊन गेले होते. तिनं त्याला बेळगावजवळ पिरनवाडीला, आपल्या फ्लॅटवर राहायला बोलावलं होतं, एकदा नव्हे, चारदा. तो एकदा आठ दिवस राहिलाही. तिचा नवरा सुगत कामाला बेंगळूरला. अक्षरा सकाळी नऊला जायची आणि रात्री नऊला यायची. सत्याप्पा तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभा राहून समोरच्या इमारतीची टाकी भरून वाहताना बघायचा आणि चावी बंद करायला हात शिवशिवायचे. आठव्या दिवशी तो म्हणाला, घरचं बघायला पायजे.

त्याला हवं होतं ते एवढंच: तिनं एखाद्या आयतवारी निपाणीच्या घरात यावं, किल्ली खुंटीला अडकवावी, जेवावं आणि दुपारी जमिनीवर आडवं व्हावं, कॉलेजातनं यायची तेव्हा व्हायची तसं. आणि हे त्यानं न सांगता तिला सुचावं. सांगितल्यावर ती येईल, हे त्याला ठाऊक होतं. पण मग ते बोलावलेलं येणं झालं असतं.

आता दर पंधरा दिवसांनी सोमवारी तो बेळगावला जाऊ लागला. सौम्याला एव्हाना कळलं होतं, आणि ती त्याला मुद्दाम शेवटचा नंबर द्यायची. बाकीचे पेशंट गेले की अक्षरा पंखा वाढवायची, खालनं दोन चहा आणि खारी यायची, आणि दहापंधरा मिनिटं ती त्याच्या समोर बसायची. त्यातली पाच कोपरांची, उरलेली गल्लीची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरात कानडी सून आली, विहारात रंग कुठला दिला. ती खारीचा शेवटचा तुकडा त्याच्या बशीत ठेवायची. फोड काही कमी होत नव्हते, आणि सत्याप्पाला त्याची फारशी खंत नव्हती.

अक्षराला मात्र होती. चौथ्या खेपेला तिनं कोपराजवळच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा काढला, रक्तही घेतलं, आणि दोन्ही तपासायला पाठवलं. पाचव्या खेपेला तिच्या टेबलावर कागद पसरलेले होते. चहा आला, तिनं खारीची बशी परत पाठवली.

"आप्पा, हे कातडीचं दुखणं न्हाय. पोटाचं हाय."

सत्याप्पा सावरून बसला.

"आतड्याला आतल्या अंगानं लव असते, मखमलीसारखी. अन्नातला कस ती ओढून घेते. काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत न्हाय. गव्हात एक चिकट भाग असतो, त्याच्यावर शरीर उलटतं आणि त्यात ती लव झिजती. काहींना जुलाब होतात, काहींना काही कळतच न्हाय, आणि कधी कधी ते कातडीवर बाहेर येतं. कोपरं, गुडघे, पाठ. दोन्हीकडं सारखं. तुमचं अगदी पुस्तकातल्यासारखं हाय."

"पोटातलं कोपरावर येतंय?"

"येतंय की. प्रत्येक खाजेचं तसं नसतं, पण ह्या खाजेचं तसंच असतं. गहू बंद केला की बरं होतं. बाकी गोळी नुसती खाज दाबते." तिनं कागद उलटा केला. "आता घोळ असा हाय, की हितली खारी सोडली तर तुम्ही गहू खातच न्हाय. भाकरी खातासा. व्हय न्हवं?"

पंखा फिरत होता. खाली रिक्षावाला कुणाशी तरी कानडीत हुज्जत घालत होता.

"व्हय," सत्याप्पा म्हणाला.

"चपाती? पाव, बिस्किटं?"

"सणासुदीला."

अक्षरानं कपाळ चोळलं. मग नव्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाली, "बघू. पंधरा दिवसांनी या."

बसमध्ये सत्याप्पाला सगळं लख्ख कळलं होतं. मैदा कशाचा असतो हे न कळण्याइतका तो अडाणी नव्हता. घरी गेल्यावर त्यानं टोस्टचा डबा कपाटावर टाकला, तांदूळ आणला, भात लावला, आमटी केली, गोळ्या वेळेवर घेतल्या. चौथ्या दिवशी खाज उतरली. आठव्या दिवशी पोट गप्प झालं. सकाळी उठून तो अंगणात उभा राहिला तेव्हा आपण कुठं तरी कान लावून उभे आहोत असं त्याला वाटलं, इतकी आत शांतता होती. कोपरांवरचे फोड सुकून खपल्या धरायला लागले होते.

दहाव्या दिवशी तो खपल्यांकडं बघत बसला. सोमवारी जायचं होतं. अक्षरा दिव्याखाली कोपर धरील, अंगठा फिरवील आणि म्हणेल, छान. आता यायचं कारण न्हाय आप्पा. ती आनंदानं म्हणेल, आणि आनंदानं म्हणण्यासारखंच ते असेल. मग तो खाली उतरेल. मग पुढचे सोमवार येतील, एकामागनं एक, नुसते.

त्यानं कपाटावरचा डबा काढला. टोस्ट सादळले होते. चहा केला, दोन बुडवून खाल्ले, मग आणखी दोन. भूक नव्हती. चव तर मुळीच नव्हती. गोळ्यांची पट्टी त्यानं जयाबाईच्या जुन्या पर्समध्ये ठेवून चेन ओढली. दुपारी बेकरीत जाऊन ताजी खारी आणली. बेकरीवाला म्हणाला, "दहा दिवस दिसला न्हाईसा, गावाला गेलतासा काय?" "व्हय," सत्याप्पा म्हणाला, "लेकीकडं गेलतो."

सोमवारपर्यंत अंग पुन्हा पेटलं. आधीपेक्षा जास्तच.

त्या दिवशी अक्षरानं बाही वर केली. दोन्ही कोपरं कच्च्या मांसासारखी झाली होती. तिनं गुडघे बघितले, पाठ बघितली. त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त किती आहे ते बघितलं. मग खुर्चीत बसली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ती दहावीतल्यासारखी दिसायची.

"गोळी घेतलीसा न्हवं?"

"व्हय."

"गहू न्हाय?"

"न्हाय."

"मग मलाच कळंना झालंय आप्पा. एकतर तपासणी चुकली, न्हाईतर मी." ती कागद पुढं ओढून पुन्हा वाचायला लागली, जणू त्यात आणखी एक ओळ असेल. "हुबळीला पाठवते तुम्हाला. पोटात दुर्बीण घालून बघतील. दोन दिवस राहावं लागंल. दुसरं काही असलं तर, आतड्यात वाईट काही, ते पण बघायला पायजे."

"इतकं कशाला?"

"कशाला म्हणजे?" मग ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "काकतीची एक बाई येते माझ्याकडं. पस्तीसेक वर्षांची. सेम असेच फोड. तिला मी मागच्या महिन्यात सांगितलं, गहू बंद कर. घरात सासू बोलती, सून चपात्या लाटती पण खात न्हाय म्हणून. तरी ती माझ्यावर विश्वास ठिवून करतीया. आता तुमचं हे बघून वाटतंय, तिलाही मी चुकीचंच सांगितलं काय की. आजच फोन करून थांब म्हणणार हाय."

आपल्या खोट्यात आपण एकटेच राहतो असं सत्याप्पा धरून चालला होता. त्या खोट्याला दार असेल, आणि त्यातनं काकतीची कुणी बाई आत येईल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"तिला थांबवू नगंस," तो म्हणाला.

"का?"

"तुझं बरोबर हाय म्हणून."

अक्षरानं वर बघितलं.

"मी भाकरी खात न्हाय," सत्याप्पा म्हणाला. तो टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होता. "तुझी आई गेल्यापास्नं न्हाय. टोस्ट खातो. खारी. रात्रीला मेसच्या चपात्या. पोट कधीच साफ न्हवतं. चारचार बारी जातो."

"आणि मला दर वेळी भाकरी-आमटी सांगतासा?"

"तोंडात बसलंय ते. आईनं शिकवलेलं." त्यानं वखारीचं आणि ओल्या लाकडाचं चार वाक्यांत सांगितलं. इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट चार वाक्यांतच संपली, याचं त्यालाच नवल वाटलं.

अक्षरा ऐकून घेत होती, पण तिचा चेहरा मऊ झाला नाही. "ते लहानपणचं झालं. मागच्या बारीला मी समोर कागद ठिवून सांगितलं, गव्हानं होतंय. तवा तर बोलायचं. तवा काय आई आली होती शिकवायला?"

"बंद केलतं की मी. दहा दिवस. लई बरं वाटलं, फोड सुकलं."

"मग हे काय?"

"परत खाल्लं."

"राहावलं न्हाय?"

सत्याप्पाला वाटलं, व्हय म्हणावं. ते सोपं होतं, म्हाताऱ्या माणसाला शोभलंही असतं. "तसं न्हाय," तो म्हणाला. "गोळ्या पण बंद केल्या. बरं झालं असतं तर तू पंधरा दिवसांनी या म्हणाली नसतीस."

सौम्यानं दार किलकिलं करून सांगितलं, "मॅडम, अजून दोघंजण आल्यात, उशिरा." अक्षरा तिच्याकडं न बघता म्हणाली, "बसू दे." दार लागलं.

"मला राग आलाय आप्पा," ती म्हणाली. "लई आलाय. अडीच महिने मी पुस्तकं उलथीपालथी करतीया. आणि तुम्ही मुद्दाम." तिचा आवाज फाटला, तिनं पाण्याचा घोट घेतला. "नुसता फोन करायचा. अक्षरा, घरी ये, एवढं म्हणायचं. त्याला काय लागतंय?"

"म्हणायला येत न्हाय मला."

"इतकी वर्षं गावाला पाणी सोडलंसा, लोकं काय कमी भांडली असतील? तवा येत होतं बोलायला."

"ते पालिकेचं पाणी. माझं काय त्यात?"

ती हसणार होती, पण हसली नाही. "मग आता म्हणा. हितं, माझ्यासमोर."

सत्याप्पानं घसा साफ केला. बाही खाली ओढली, पुन्हा वर केली. आयुष्यात त्यानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं, जयाबाईकडंसुद्धा नाही. ती पाणी न मागता आणून द्यायची. "आयतवारी," तो म्हणाला आणि थांबला. "आयतवारी घरी ये. जेवायला. आणि जरा ऱ्हा."

अक्षरानं फोन उचलून तारखा बघितल्या. बघता बघता तिचे ओठ मिटत गेले. "ह्या आयतवारी खानापूरला शिबिर हाय. दोनशे माणसं येणार. न्हाय जमायचं, आप्पा."

असू दे, असू दे, काय बिघडत न्हाय. हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते, जेवल्यासारखं दाखवून तोंड पुसायचे शब्द. त्यानं ते गिळले.

"मग म्होरच्या?"

"म्होरच्या..." ती पुन्हा बघायला लागली. "सुगतची आई येणार हायत. त्यांचं मोतीबिंदूचं हाय सोमवारी."

"मग त्याच्या म्होरच्या."

ह्या खेपेला तिनं फोनकडं बघितलंच नाही, त्याच्याकडं बघत राहिली. तिसऱ्यांदा मागताना सत्याप्पाचा आवाज पहिल्यापेक्षा नीट निघाला होता, हे त्याच्याही ध्यानात आलं.

"त्याच्या म्होरच्या येते," ती म्हणाली. "सकाळी येते. संध्याकाळी जाईन."

"लिहून ठेव."

तिनं लिहिलं. मग कागद ओढून त्याच्यासाठी यादी करायला घेतली: टोस्ट, खारी, पाव, बिस्किटं, शेवया, रवा, मैदा. लिहिता लिहिता ती पुन्हा डॉक्टर झाली. गोळ्या आजपासनं सुरू, एकही चुकवायची नाही. रक्त निपाणीतच तपासून फोटो पाठवायचा. हुबळीला आता जायला नको. फोड लगेच जाणार नाहीत. आतली लव परत उगवायला महिने लागतात.

"आणि तोवर काय खाणार तुम्ही?" तिनं विचारलं.

सत्याप्पानं विचार केला. "ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "भाताबिगर मला काय येत न्हाय."

"नागुआक्का भाकऱ्या करतात न्हवं?"

"करतात."

"मग?"

"बघतो," तो म्हणाला, आणि तिनं भुवई उंचावल्यावर, "जातो. आजच जातो, गाडी वेळेत पोचली तर."

"आणि पंधरा दिवसांनी हितं यायचं न्हाय आता. कारण न्हाय. मीच येणार हाय."

तिनं उठून त्याची बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. कोपराला कापड लागलं तेव्हा तो कळवळला, पण हात मागं घेतला नाही. मग तिनं घंटी वाजवली आणि बाहेर बसलेल्यांतला एकजण आत आला, हनुवटीवर रुमाल धरून.

स्टँडवर निपाणीची गाडी लागलेली होती. सत्याप्पानं मागची खिडकी धरली. गाडी हलली, काकती गेली, शेतांत ऊस उभा होता. त्यानं बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. आज सोमवार. हा आयतवार न्हाय, म्होरचा न्हाय, त्याच्या म्होरचा. वीस दिवस होत होते. एरवी पंधरा असायचे. त्यानं पुन्हा एकदा मोजलं, कदाचित चुकलं असेल म्हणून, पण वीसच होते.